बंद यंत्रावरचा हुंकारा

१

हिंगणघाटला स्टेशनापलीकडे शेटजींची कापसाची जिन होती. तिथं बाया दिवसभर राबत आणि दिवसभर हसत. नवख्या माणसाला या दोन्हींचं सारखंच नवल वाटे. टिनाच्या लांबलचक छपराखाली यंत्रांची ओळ, वर फिरणारा लोखंडी दांडा, दांड्यावरून प्रत्येक यंत्राला आलेला चामड्याचा पट्टा. या सगळ्याचा मिळून असा खडखडाट चाले की पाहुणा दारातच कानांवर हात ठेवी. बाया यंत्रापुढच्या फळीवर बसून कापसाच्या मुठी रुळांच्या तोंडाशी देत. रूळ रुई ओढून घेत आणि सरकी खाली टाकत. कापूस कोणता आणि बोट कोणतं, हे रुळांना कळत नसे. एवढं एक प्रत्येकीला पहिल्या दिवशी सांगितलं जाई, आणि मग त्या विषयावर कुणी बोलत नसे.

बोलायला दुसरे विषय पुष्कळ होते. त्या साली सगळ्यात मोठा विषय म्हणजे जिजाचं लग्न. जिजा ही डोमाजी हमालाची धाकटी बहीण. नुकतीच अठरा सरलेली, अंगानं काडी, पण जिभेनं ओळीतल्या थोराड बायांना भारी. ओळीच्या शेवटाला ती बसे आणि तिच्या अलीकडे तिची वहिनी भागाबाई. नणंद-भावजयीचं सूत असं की सासू असती तर तिला काळजी वाटली असती. पण सासू कधीच वारली होती, आणि जिजाला वाढवलं होतं ते भागाबाईनंच.

लग्न वैशाखातलं. शेटजींनी सांगून टाकलं होतं की आवारातली कापसाची गंजी संपल्याशिवाय कुणाला सुट्टी नाही. लग्नाची तारीख काही गंजीला विचारून धरली नव्हती. तेव्हा बायांनीच ठरवलं: तांबडं फुटताना यायचं, दिवे लागेपर्यंत हलायचं नाही, आणि गंजी लग्नाआधी संपवून सगळ्या ओळीनं मांडवात हजर व्हायचं. मुकादम हरिदास तर खुशच झाला. आयतं त्याच्या मनातलं बाया आपण होऊन बोलल्या होत्या.

घरी गेल्यावर पापड होते, कुरडया होत्या, शेवया होत्या, लग्नघरचं दळण होतं. लग्न पाहावं करून म्हणतात ते उगाच नाही. दिवस तेवढाच आणि कामं एवढी, तेव्हा कशाला तरी फाटा देणं भाग होतं. सगळ्यांनी मिळून झोपेला दिला.

२

गोष्ट सांगायची तर हुंकारा लागतो, हे आपल्याकडे पोरालाही ठाऊक असतं. सांगणारानं वाक्य टाकावं, ऐकणारानं ‘हूं’ म्हणावं. हुंकारा थांबला की समजावं, पोरगं झोपलं, आणि आवाज न करता उठावं.

जिनवरच्या बायांनी ही रीत उलटी करून घेतली होती. गोष्ट भागाबाईनं सांगायची. ओरडून सांगितलं तर तिथं काही ऐकू येत नसे. जात्याच्या घरघरीखालून ओवी ऐकू येते, तसा आवाज खडखडाटाच्या खालून सरकवावा लागे, आणि ते कसब भागाबाईइतकं कुणाला नव्हतं. तिनं वाक्य टाकलं की ओळीतून हुंकारे येत, एकामागून एक, पार टोकापर्यंत. जिचा हुंकारा चुकला ती पेंगली. शेजारीण तिच्या पाठीत सरकीची मूठ मारी आणि ओळभर हशा पिके.

म्हाताऱ्या रामबाईला हे पसंत नव्हतं. दिवसा गोष्टी सांगितल्या तर मामा वाट चुकतो, असं ती बजावून सांगे. लग्नात मामा मुलीच्या पाठीशी उभा राहायचा असतो, आणि तुम्ही त्यालाच रानात फिरवायला निघालात, असं तिचं म्हणणं.

जिजानं ते हसण्यावारी नेलं. "माह्या मामाले वाट सापडते कवा? थो त रातच्या गोष्टीनंही चुकते."

गोष्ट भागाबाईनं स्वतःच रचलेली. एक सून होती. तिला कामापायी झोपायला फुरसत नव्हती, म्हणून ती रोजची झोप पदरात गाठ मारून ठेवी आणि पहाटे गाठ सोडून एका मडक्यात टाकी. सगळी कामं उरकली की एकदम झोपू, असा तिचा बेत. त्या घरी एका शिंगाची म्हैस होती. ही म्हैस जिजाची भारी लाडकी. भागाबाई जरा घाईत म्हशीला वगळून पुढे गेली, तर जिजा हुंकारा द्यायचा सोडून भांडायला उठे. गोष्ट गंजीसारखीच होती. रोज खायची आणि रोज तेवढीच उरायची.

जिजाच्या पलीकडे ओळीतलं एक यंत्र बंद होतं. त्याचा पट्टा भागाबाई-जिजा कामाला लागण्याआधीच काढून घेतला होता, तो पुन्हा चढवला नव्हता. पुढची फळी तशीच होती, मधोमध बसून बसून गुळगुळीत झालेली. तिथं कुणी भाकरीचं फडकंसुद्धा ठेवत नसे. जागा नाही, जागा नाही म्हणून बाया कुरकुरत, पण त्या फळीकडे बोट कुणीच दाखवत नसे. भागाबाईच्या हे कधी ध्यानातही आलं नव्हतं.

ते आलं एका लख्ख दुपारी. सून मडकं घेऊन विहिरीवर गेली, असं भागाबाई म्हणाली. हुंकारे ओळीतून आले, रामबाईचा खरखरीत, सीताबाईचा नाकातला, शेवटी जिजाचा चढा. आणि जिजाच्या पलीकडून आणखी एक आला.

"हूं."

३

भित्यापाठी ब्रह्मराक्षस. भागाबाईनं मनाशी हेच म्हटलं. टिनाच्या भिंतीवर आपटून जिजाचाच आवाज परत येत असेल. मग तिनं विचार केला, जिजाचा येतो तर माझा काऊन येत नाही? तिनं कापसाची मूठ रुळाशी धरली आणि गोष्ट पुढे नेली. त्या दिवशी तो पुन्हा आला नाही. दुसऱ्या दिवशी दोनदा आला. नंतर तो येतच राहिला, आणि सगळ्यांच्या शेवटी, शांतपणे. ‘हूं’ म्हणायची ती पद्धत चांगल्या ऐकणाराची होती. कानावर पडली की सांगणाराला हुरूप यावा, अशी. खरं सांगायचं तर भागाबाईला ती थोडी आवडलीही.

त्या दिवसांत कुणाचंच डोकं ठिकाणावर नव्हतं. सीताबाईनं आपलं पोर दुसरीच्या झोळीत निजवलं आणि तिचं घेऊन घर गाठलं. सुलोचना नावाच्या बाईनं वाटेत एका गोऱ्ह्याला मुकादम समजून रामराम घातला. भागाबाईनं शेवयांच्या पिठात मीठ घातलं, मग घातलं नाही असं वाटून पुन्हा घातलं. त्या शेवया बकरीनंही खाल्ल्या नाहीत. या गोष्टी जिनवर सांगताना बाया हसून हसून लोळत. मग तेवढ्यात कान वाजले तर त्यात नवल ते काय, असं भागाबाई स्वतःला समजावी.

घरी मात्र कान वाजत नसत. घरात चुलीची फडफड, शेजारच्या आवारात पाट्यावर कुणीतरी वाटतंय, डोमाजीचं खोकणं, सगळं जिथल्या तिथं ऐकू येई. ती मुद्दाम थांबून ऐके. काहीच जास्तीचं नसे. ते जास्तीचं जे काही होतं, ते तिकडे जिनमध्येच होतं.

तिनं डोमाजीला सांगितलं. तो बिडी ओढत होता.

"झोपत जा मंग," तो म्हणाला.

"कवा?"

डोमाजीनं यावर बराच विचार केला. बिडी संपली, तरी त्याला वेळ सापडली नाही.

मग तिनं रामबाईला विचारलं, सहज विचारावं तसं, की त्या बंद यंत्रावर पहिले कोण बसत होतं. रामबाई सरकी पाखडत होती. तिचे हात थांबले.

"बसे एक, दूर मुलखातली," ती म्हणाली. "तिलेही गोष्टीचा लय नाद होता. एक दिस इथंच पेंगली." एवढं बोलून तिनं तोंडात तंबाखू टाकली आणि तोंड मिटलं.

४

बायांना झोप मिळे ती फक्त साहेबाच्या कृपेनं. वर्धा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याला दीडएक वर्ष होत आलं होतं. पण बायांना इतका वेळ कामावर ठेवायचं नाही हा कायदा या राज्यातही होता आणि त्या राज्यातही. तपासणीचा साहेब फाटकाशी आला की हरिदास धावत येई आणि जास्तीच्या वेळेच्या बायांना आवारातल्या गंजीत लपवी. कापसात गळ्यापर्यंत शिरायचं, वरून चार हारे कापूस ओतून घ्यायचा आणि गप पडायचं. ऊब अशी की पापणी मिटायला सांगावं लागत नसे. साहेब मजुरांशी दोन शब्द जास्त बोलला, चहा प्यायला थांबला, तर बाया त्याला मनातून दुवा देत. भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा, आणि इथं तर कापूस होता.

त्या दिवशी साहेब दिवस कलताना आला. भागाबाई गंजीत शिरली. शेजारी कुणीतरी शिरल्याची सळसळ झाली. जिजाच असणार. अंधार नव्हता. कापसातून ऊन झिरपून सगळं दुधाळ पांढरं दिसत होतं. भागाबाईच्या डोळ्यांवर झापड आली आणि सवयीनं ओठ हलू लागले. मडक्यातली झोप नाहीशी झाली म्हणून सून घरोघर हिंडली, म्हणाली, बायांनो, कुणाकडे माझी झोप आहे का.

"हूं," कानाशी आलं.

दोघीच असल्या की जिजा लाडात येऊन असाच बारीक हुंकारा देई. भागाबाई पुढे सांगत राहिली. पण मध्येच तिला झोप आली आणि वाक्य अर्ध्यावर राहिलं.

"मग?" कानाशी आलं.

जिजा ‘मंग’ म्हणते. आमच्याकडे सगळेच ‘मंग’ म्हणतात. भागाबाईला एवढं कळलं आणि तिची झोप उडाली. मग तिला दुसरंही कळलं. दोन माणसं कापसात शेजारी निजली की अंगाला अंगाची ऊब लागते. तिच्या डाव्या अंगाला ऊब लागत नव्हती. कापूस तिथं दबलेला होता, कुणाच्या तरी वजनानं दबावा तसा, आणि गार होता.

ती हात मारत बाहेर आली. उन्हानं डोळे दिपले. गंजीच्या पार दुसऱ्या टोकाला जिजा नखशिखांत पांढरी होऊन उभी होती आणि पापण्यांवरचे तंतू उपटता उपटता हसत होती.

"वैनी, थो साहेब इतक्या लवकर काऊन गेला व?"

भागाबाईनं तिला काही सांगितलं नाही. लग्नाला चार दिवस राहिलेल्या पोरीला असलं सांगायचं नसतं. झोपेत माणूस काय काय ऐकतं, असं तिनं स्वतःला पुन्हा एकदा बजावलं, आणि या वेळी स्वतःवर तिचा विश्वास बसला नाही.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन असं तापलं की छपराचा टिन तडतडत होता. भाकरी पोटात गेल्या होत्या. जिजाच्या हातात आदल्या दिवशी हिरव्या बांगड्या भरल्या होत्या, आणि मूठ पुढे करताना त्या पुढे सरकू नयेत म्हणून तिनं त्यांवर चिंधी बांधली होती. शेडभर रुईचे तंतू उडत होते. बोलायचं म्हणून भागाबाई बोलत होती. काय बोलतोय याचं भान तिला नव्हतं.

सून या दारी गेली. हूं. त्या दारी गेली. हूं. कुणी म्हणालं, झोप आमच्याकडे नाही. हूं. हुंकारा असा नेमानं येत होता की तिला फार बरं वाटत होतं. डोळे रुळांवर होते. रूळ फिरत होते. पांढरं आत जात होतं, काळं खाली पडत होतं. आणि पेंगेतच तिच्या तोंडून भलतंच निघालं.

"आणि मंग म्हैस मेली."

"हूं."

भागाबाईचे हात जागच्या जागी थांबले.

म्हैस मेली म्हटल्यावर जिजा हूं म्हणणार नाही. जिजा उठून उभी राहील, मूठभर सरकी फेकून मारील, शेटजींच्या गादीपर्यंत ऐकू जाईल असं भांडेल. मग तिला उमगलं की रामबाईचा खरखरीत हुंकारा बऱ्याच वेळात आला नाही. सीताबाईचा नाकातला नाही. जिजाचा चढा नाही. सगळी ओळ बसल्या जागी पेंगते आहे, आणि ती कधीपासून एकाच हुंकाऱ्याच्या भरवशावर बोलते आहे.

ती वळली. जिजाचे डोळे अर्धे उघडे होते आणि त्यांत कुणी नव्हतं. हात मात्र काम करत होता. सवयीनं मागे जात होता, मूठ भरत होता, पुढे येत होता. टोपलीतला कापूस संपला होता. रिकामी मूठ रुळाच्या तोंडाशी जाऊन हळूहळू उघडत होती.

भागाबाईनं तिला दंडाला धरून असं ओढलं की दोघी फळीवरून खाली सरकीत पडल्या. कडकन आवाज झाला. रुळांनी चिंधी ओढून घेतली आणि तिच्याबरोबर बांगड्या. हिरव्या काचा सरकीबरोबर खाली गळू लागल्या. भागाबाईनं जिजाचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि बोटं चाचपली. होती. सगळी होती. एका बोटाला नुसता ओरखडा. ती त्या हातावर तोंड ठेवून मोठ्यानं रडू लागली.

जिजा डोळे चोळत म्हणाली, "वैनी, म्हैस कुठवर आली?"

ओळ जागी झाली, बाया धावल्या, हरिदासनं एंजिन बंद करायला लावलं. वरचा दांडा फिरता फिरता थांबला. पट्टे लोंबले. दिवसाउजेडी इतकी शांतता त्या शेडमध्ये कुणी ऐकली नव्हती. हवेतले तंतू सावकाश खाली बसू लागले.

आणि भागाबाईनं पाहिलं. बंद यंत्राच्या फळीवर रुई साचली होती. साचते तशी पसरून नाही. एक गुडघा वर घेऊन बाई बसते, तशी. सगळ्या शेडमधली रुई हलत होती, तेवढी हलत नव्हती. जिथं तोंड असावं तिथं ती या बाजूला वळलेली होती.

"मग?" तिकडून आलं.

रामबाईनं भागाबाईच्या डोळ्यांवर पदर टाकला आणि तिचं तोंड फिरवलं. पुन्हा पाहिलं तेव्हा फळीवर नुसता कापूस होता.

हरिदास म्हणाला, झालं गेलं, पोरीचा हात शाबूत आहे, देव पावला, आता बसा, गंजी पडली आहे. भागाबाई उठून उभी राहिली.

"गंजी उद्याही राह्यते, हरिदासजी. हात उगवत नाई."

ती जिजाला घेऊन आवारात गेली आणि गंजीत आडवी झाली. मागोमाग रामबाई गेली. मग सीताबाई पोराला घेऊन, मग सुलोचना, मग सगळी ओळ. साहेब आला नव्हता, कुणापासून लपायचं नव्हतं, तरी बाया भर दुपारी उघड्यावर कापसात झोपल्या आणि मजेत घोरल्या. हरिदासनं थोडा वेळ काठी आपटली. मग तोही एका पोत्यावर बसला आणि बसल्या बसल्या पेंगला. शेटजींनी येऊन हे दृश्य पाहिलं म्हणतात. ते काय बोलले ते सांगायला जागं कुणी नव्हतं.

६

दिवे लागेपर्यंतचं काम त्या दिवसापासून बंद झालं. गंजी राहिली ती राहिलीच, आणि लग्नाच्या दिवशी ती तिच्या जागी होती आणि सगळी ओळ मांडवात. न्हाऊन माखून, नवी लुगडी नेसून आलेल्या त्या बाया एकमेकींना ओळखेनात. कापसाशिवाय त्यांनी एकमेकींना पाहिलंच नव्हतं. सीताबाईचे केस काळे आहेत, हे तेव्हा कळलं.

जिजाच्या हाताला हळद लागली. भागाबाईनं एकेक बोट वेगळं धरून, सावकाश लावली. बाया थट्टा करत होत्या की हळद नवरीला लावते आहे की लोणच्याला. भागाबाईला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं, आणि तिनं दोन्ही येऊ दिलं. हातात नव्या बांगड्या भरल्या होत्या.

सुख एका गोष्टीनं अडलं होतं. मामाचा पत्ता नव्हता. गोमाजी मामा गिरडकडचे, सकाळीच यायचे होते. दुपार झाली तरी बैलबंडी दिसेना. लग्न गोरज मुहूर्तावर. रामबाई प्रत्येकाकडे "मी म्हटलं नव्हतं?" अशा नजरेनं पाहत होती.

ऊन उतरायच्या आधी मामा आले. बंडीतून उतरले ते धुळीनं माखलेले, ओठ सुकलेले, पण खुशीत. लोक भोवती जमले. पाणी पिऊन मामांनी हकिगत सांगितली. समुद्रपूर सोडलं आणि भर दिवसा वाट हरवली. तेच ते नाल्याचं वळण, तीच ती बाभळ, पुन्हा पुन्हा. बैलसुद्धा थांबून मागे पाहू लागले. लोक हसले. जिजा आतून ओरडली की माझ्या मामाला वाट सापडते कवा.

"मंग सापडली कशी?" डोमाजीनं विचारलं.

"एक बाई भेटली ना बापा. पुढं पुढं चालून राह्यली. म्हटलं, बाई, हिंगणघाट हेच काय? थे म्हणे, हूं. म्हटलं, लग्नाले चालली काय? थे म्हणे, हूं. पांढरी फक्क, डोक्यापासून पायापर्यंत. मले वाटलं म्हातारी हाय, पण चाल पोरीची." मामांनी तोंड पुसलं. "तुमच्या जिनवरचीच असन. माह्या आंधी त घरात शिरली थे. पाणी तरी देल्लं का तिले?"

मांडवातल्या बायांनी एकमेकींकडे पाहिलं. सगळ्या स्वच्छ होत्या. रामबाईनं तोंडातली तंबाखू थुंकली, आणि भागाबाईकडे पाहून मान खाली घातली.

भागाबाईनं माठातून तांब्या भरला आणि ती आत गेली.

७

आतली खोली लहान. एका भिंतीशी जिजा चटईवर पडली होती. हळदीनं पिवळी, अंग दुखून आलेली, मुहूर्ताला अजून वेळ. दुसऱ्या भिंतीशी तिला द्यायची नवी गादी उलगडून ठेवली होती. डोमाजीनं जिनमधूनच रुई आणून ती भरून घेतली होती. बाहेर वाजंत्रीवाले सनई जुळवत होते, एकच सूर धरून सोडत होते. मांडवात भांडी वाजत होती, मामांच्या नावानं हसणं चालू होतं. आत ते सगळं पाण्याखालून यावं तसं येत होतं.

गादी मधोमध दबली होती.

भागाबाईनं तांब्या गादीच्या उशाशी ठेवला. तिला भीती वाटत होती. पळून मांडवात जावं, असं फार वाटत होतं. पण जिजा इथं होती, आणि गादी जिजाबरोबर जाणार होती. ती दाराशी पाठ लावून बसली, दोघींच्या मधे.

"म्हैस मेली नव्हती," ती म्हणाली. "खोटं सांगितलं होतं म्या."

"मंग बरोबर," चटईवरून जिजा पुटपुटली.

"हूं," गादीवरून आलं. असा सुटलेला श्वास भागाबाईनं कधी ऐकला नव्हता.

मग तिनं गोष्ट पुढे नेली. जिनमध्ये सांगायची तशी नाही. तिथं जागं ठेवायला सांगायची. आता तिनं आवाज खाली उतरवला, जिजा लहान असताना तिच्या डोक्यावर थापटत सांगायची तसा. सून घरोघर फिरून थकली आणि रिकाम्या हातानं घरी आली. हूं. तर गोठ्यात काय, एका शिंगाची म्हैस पसरली होती. हूं. तिनंच ते मडकं फोडून सगळी झोप खाऊन टाकली होती. जिजाला झोपेतच हसू आलं. सून म्हणाली, माझी झोप दे. म्हैस काही बोलली नाही. हूं. मग सून तिच्या पोटाला टेकून बसली. पोट गरम होतं, आणि वर-खाली होत होतं. हूं. सासूनं हाक मारली, सून उठली नाही. सासऱ्यानं हाक मारली. गंजी पडली आहे म्हणून मुकादमानं हाक मारली.

हूं, आलं. उशिरा आलं आणि खोल.

"सून म्हणाली, उद्या."

भागाबाई थांबली. सनईचा सूर जुळला होता. गादीवरून काही आलं नाही. तिनं पुष्कळ वेळ वाट पाहिली. खोलीत माणसाच्या शांत श्वासाचा आवाज होता, एकाचा की दोघांचा ते तिनं मोजलं नाही. ‘मग’ असं कुणी विचारलं नाही.

ती उठू लागली. तिच्या हातातल्या बांगड्या किणकिणल्या.

चटईवर जिजानं डोळे न उघडता हळदीचं बोट ओठांवर ठेवलं.

"हळू, वैनी. तिचा आत्ताच डोळा लागला."